आणखी अ‍ॅक्सेस पॉइंट लावायच्या आधी पॉवर बघा

गोदामात रॅकवरून माल काढणारा पिकिंगवाला एका गल्लीतून दुसरीत शिरला की त्याचा वाय-फाय स्कॅनर अडकतो, यावर आणखी अ‍ॅक्सेस पॉइंट (वाय-फायचा सिग्नल देणारे डबे) लावायचा सल्ला वर आलाय. कृपया आत्ताच लावू नका. कोणता अ‍ॅक्सेस पॉइंट कधी सोडायचा आणि कोणावर जायचं हे शेवटी स्कॅनर ठरवतो, कंट्रोलर (सगळे अ‍ॅक्सेस पॉइंट सांभाळणारं यंत्र) नाही. अ‍ॅक्सेस पॉइंटची पॉवर फुल्ल असेल तर लांब गेल्यावरही स्कॅनरला सिग्नलच्या दांड्या छान दिसतात, म्हणून तो जुन्यालाच चिकटून राहतो. पण स्कॅनरची स्वतःची पॉवर कमी, त्याचं उत्तर अ‍ॅक्सेस पॉइंटपर्यंत पोचतच नाही. अ‍ॅक्सेस पॉइंटची पॉवर आधी स्कॅनरच्या पॉवरच्या जवळपास उतरवा. २.४ गीगाहर्ट्झच्या वाय-फायवर फक्त १, ६, ११ चॅनल ठेवा.

वाय-फायचा सर्व्हे (सिग्नल कुठे किती मिळतो याची मोजणी) रॅक भरलेले असताना झाला होता का? अंधेरी एमआयडीसीतल्या एका गोदामात तो रिकाम्या रॅकवर झाला होता. मग पाण्याच्या बाटल्यांचे बॉक्स छतापर्यंत चढले आणि त्या गल्लीतला सिग्नल पार बसला. पाणी रेडिओ लहरी शोषून घेतं, नुसत्या पुठ्ठ्याचं एवढं नसतं.

स्कॅनरमध्ये रोमिंग थ्रेशोल्ड (सिग्नल किती पडला की दुसरा अ‍ॅक्सेस पॉइंट शोधायचा, ती मर्यादा) मिळत असेल तर उणे ७० डीबीएमपासून (डीबीएम म्हणजे सिग्नलच्या ताकदीचं माप) सुरुवात करा. ८०२.११आर (अ‍ॅक्सेस पॉइंट पटकन बदलायची सोय) सगळीकडे एकदम चालू करू नका, काही जुने स्कॅनर मग जोडलेच जात नाहीत. आधी वेगळ्या एसएसआयडीवर (वाय-फायच्या वेगळ्या नावावर) तपासा.

आणि स्कॅनरवर पिंग (जोडणी चालू आहे का हे सतत विचारणारी चाचणी) चालू ठेवून गल्लीतून चालत जा. अ‍ॅक्सेस पॉइंट लगेच बदलला, पण पिंग काही सेकंदांनी परत आला, तर दोष सिग्नलचा नाही. ऑथेंटिकेशन (नेटवर्कवर ओळख पटवणं) किंवा डीएचसीपी (उपकरणाला आयपी पत्ता देणारी सेवा) तपासा. त्या पिंगचा लॉग (नोंद) इथे टाका, मी बघतो.