चंद्राकडे निघण्यापूर्वीची कक्षा खालची असावी की वरची?

कृष्णाकाठ_सांगली
मी सांगलीत अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि काही महिन्यांपासून ऑर्बिटर या मोफत सिम्युलेटरवर चंद्रमोहिमेचा सराव करत आहे. हौसेखातर यान सांगलीच्याच अक्षांश-रेखांशांवर उभे करतो आणि सरळ पूर्वेकडे उडवतो. 200 किमी उंचीच्या वर्तुळाकार कक्षेतून चंद्राकडे निघायचे तर 3.13 किमी/सेकंद इतका वेगबदल (डेल्टा-व्ही) लागतो, पण 2,000 किमीवरून निघाल्यास तो 2.75 वर येतो. म्हणून हल्ली मी यान आधी 2,000 किमीवर नेऊन ठेवतो. तरीही चंद्राभोवती थांबायची वेळ येते तेव्हा टाकीत इंधन जवळजवळ उरलेलेच नसते. वरून निघणे स्वस्त असताना असे का व्हावे?

घाटमाथा_सातारा
आपले दोन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त वर चढण्याचा खर्च हिशेबात धरलेला नाही. 200 वरून 2,000 किमीवर जाण्यासाठी खाली सुमारे 455 आणि वर पोहोचल्यावर कक्षा वर्तुळाकार करण्यासाठी सुमारे 429 मी/सेकंद लागतात. ते 2.75 मध्ये मिळवल्यास एकूण खर्च 3.63 किमी/सेकंदांच्या थोडा वर जातो, म्हणजे आपण दर खेपेस अर्धा किमी/सेकंद वाया घालवत आहात. सिम्युलेटरच्या पडद्यावर केवळ पुढच्या बर्नचा (इंजिन पेटवण्याचा) आकडा दिसत असल्यामुळे ही चूक अनेकांकडून होते. माझ्याकडूनही झाली होती.

यामागचे कारण रॉकेटशास्त्रज्ञ हर्मान ओबर्थ यांच्या नावाने ओळखले जाते. ठरावीक इंधन जाळले की वेगात पडणारी भर तेवढीच असते, पण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने, यान आधीच वेगात असताना तीच भर अधिक ऊर्जा देऊन जाते. 200 किमीवर यानाचा वेग 7.78 किमी/सेकंद असतो, 2,000 किमीवर 6.90. त्यामुळे शक्य तेवढा जोर खालीच लावावा. हवेच्या घर्षणाची भीती वाटत असेल, तर अपोलो 11 साधारण 185 किमीवरच्या कक्षेत जेमतेम दीड फेरी मारून चंद्राकडे निघाले होते, हे ध्यानात घ्यावे. आपल्याला तेथे मुक्काम करायचा नाही.

मिरज_जंक्शन
वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण एक पुरवणी जोडतो. इंजिन अशक्त असेल आणि बर्न वीस मिनिटे चालणार असेल, तर 88 मिनिटांच्या फेरीतला बराच भाग त्यातच जातो आणि जोर नेमक्या बिंदूवर न लागता कक्षाभर पसरतो. अशा वेळी बर्नचे तुकडे करावेत आणि प्रत्येक तुकडा यान पृथ्वीच्या सर्वांत जवळ असतानाच द्यावा. चांद्रयान-3 ला प्रक्षेपकाने 14 जुलै 2023 रोजी सुमारे 170 × 36,500 किमीच्या लंबवर्तुळात सोडले होते. तेथून टप्प्याटप्प्याने कक्षा लांबवत ते 5 ऑगस्टला चंद्राच्या कक्षेत शिरले. वेळ जातो, इंधन वाचते.

घाटमाथा_सातारा
मघाशी एक विचारायचे राहिले. सरळ पूर्वेकडे उडाल्यावर आपल्या कक्षेचा कल विषुववृत्ताशी 16.85 अंश, म्हणजे सांगलीच्या अक्षांशाइतकाच राहतो. चंद्राच्या कक्षेचा कल 18.3 ते 28.6 अंशांच्या दरम्यान बदलत असतो. मग हा फरक आपण 200 किमीवरच भरून काढता का? तेथे 10 अंश वळण्यासाठी 1.36 किमी/सेकंद मोजावे लागतात.

सांगली आणि सातारा (17.7 अंश) ही दोन्ही गावे 18.3 च्या आत असल्यामुळे येथून दिवसातून दोनदा थेट चंद्राच्या कक्षेच्या प्रतलात (सपाट पातळीत) उडता येते. पुण्याला (18.5) काही वर्षी हा मान मिळत नाही. फरक किरकोळ असला, तरी पुणेकरांना सांगायला हरकत नाही. कल 28.5 अंश हवा असेल, तर दिशा पूर्वेपासून ढोबळमानाने 23 अंश उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे धरावी. पृथ्वीच्या फिरण्यातून फुकट मिळणारा वेग 445 वरून सुमारे 410 मी/सेकंदांवर येईल, तेवढा तोटा सोसावा.

कृष्णाकाठ_सांगली
होय सर, कल मी दर वेळी खालच्या कक्षेतच बदलत होतो आणि तो खर्च मात्र वहीत निमूटपणे लिहीत होतो. काल रात्री 200 किमीवरूनच, योग्य दिशेने उडालो. चंद्राभोवती कक्षा धरूनही टाकीत इंधन शिल्लक राहिले. उड्डाणाला चार मिनिटे उशीर झाल्यामुळे प्रतलात सुमारे अर्ध्या अंशाची चूक पडली होती. ती मी अर्ध्या वाटेवर, वेग मंदावल्यावर दुरुस्त केली आणि तेथे ती फारच स्वस्तात झाली.