सर्दीचा त्रास पुरुषांना खरंच जास्त होतो का?

वैशाली_सांगली
"पुरुषांची सर्दी जास्त जोराची असते, विज्ञानानेच सिद्ध झालंय" हा मेसेज आमच्या फॅमिली ग्रुपवर परत फिरतोय. त्याचं मूळ म्हणजे काइल सू या कॅनेडियन डॉक्टरांचा डिसेंबर २०१७ मधला ब्रिटिश मेडिकल जर्नलमधला लेख. तो नाताळ अंकातला, हलक्याफुलक्या वळणाचा लेख होता आणि त्यातला बराचसा पुरावा फ्लूचा आहे, हे मात्र कोणी सांगत नाही.
माझं मत स्पष्ट आहे. पुरुषांना त्रास जास्त होत नाही, आराम जास्त मिळतो. इंग्लंडमध्ये सॉल्सबरीला कॉमन कोल्ड युनिट होतं. तिथे स्वयंसेवकांच्या नाकात मुद्दाम सर्दीचे विषाणू सोडायचे. त्या स्वयंसेवकांवर सॅली मॅकिंटायर यांचा १९९३ चा अभ्यास आहे. तपासणाऱ्याला दिसली त्याहून आपली सर्दी मोठी आहे असं सांगण्याकडे पुरुषांचा कल बायकांपेक्षा जास्त निघाला.
नवरा शिंकला की वाफेचं पातेलं, व्हिक्स, आल्याचा चहा सगळं पलंगापाशी जातं. बाई मात्र नाक ओढत पोळ्या लाटते.

अनिकेत_ठाणे
वैशालीताई, अजिबात पटलं नाही. सूर हलका होता म्हणून संदर्भ खोटे ठरत नाहीत. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात २०१६ साली नाकातल्या पेशींवर प्रयोग झाला. इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक दिल्यावर बायकांच्या पेशींत फ्लूचा विषाणू कमी वाढला, पुरुषांच्या पेशींत तसा फरक पडला नाही. कोविडमध्येही बहुतेक देशांत पुरुषच जास्त दगावले. ही सगळी नाटकं म्हणायची का?
आणि या थट्टेची किंमत मोजावी लागते. "साध्या सर्दीचं काय एवढं" हे ऐकून ऐकून माझे वडील आठवडाभर गप्प बसले. तो न्यूमोनिया निघाला.

वैशाली_सांगली
वडिलांचं वाचून वाईट वाटलं. पण तुम्ही दिलेली दोन्ही उदाहरणं फ्लू आणि कोविडची आहेत. सर्दी बऱ्याचदा ऱ्हायनोव्हायरस या वेगळ्याच विषाणूची असते, आठ-दहा दिवसांत आपोआप जाते. एका आजाराचा पुरावा दुसऱ्याला कसा लावता?

सिस्टर_शुभदा
ओपीडीत बरीच वर्षं काढली आहेत म्हणून लिहिते. घरात कण्हत पडणारा आणि दवाखान्यात उशिरा येणारा पुरुष पुष्कळदा एकच असतो. बायको हाताला धरून आणते तेव्हा छातीत घरघर सुरू झालेली असते. अनिकेत म्हणतात ती भीती खरी आहे.
पण बाईला "दोन दिवस झोपून राहा" म्हटलं की ती हसते आणि विचारते, "सिस्टर, त्यापेक्षा गोळीच द्या ना, डबे कोण करणार?" अँटिबायोटिकने सर्दी जात नाही, हे तिलाच जास्त वेळा समजवावं लागतं, कारण तिला उद्याच उभं राहायचं असतं. माझा कौल वैशालीकडे.

बालाजी_बीड
तुमची चर्चा पगारी रजा असणाऱ्यांची आहे. आमच्याकडे ऊसतोडीला कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एक जण आडवा पडला तर खाडा दोघांच्या नावावर लागतो, उचलीतून पैसे कापतात. फडात थंडी-तापाने फणफणलेला गडी मोळ्या बांधताना मी बघितलाय. त्याला आराम जास्त मिळतो असं कोणी म्हणू नये. आणि त्याची बायको तोडणी उरकून परत चूल पेटवते, हेही तितकंच खरं.

वैशाली_सांगली
बालाजीभाऊ, बरोबर आहे. "पुरुषांना" असं सरसकट म्हणणं मागे घेते. ज्या घरात आजारी पडायची सोय आहे, त्या घरांबद्दलच माझं म्हणणं आहे, आणि तिथे ते कायम आहे.

अनिकेत_ठाणे
फ्लूचा पुरावा सर्दीला थेट लागत नाही, मान्य. पण म्हणून त्रास सारखाच असतो हेही सिद्ध होत नाही. सॉल्सबरीत रोज किती कागदी रुमाल लागले तेसुद्धा मोजायचे. तशी मोजमापं घेऊन, घरकाम कोण करतंय हेही नोंदवून, ऱ्हायनोव्हायरसवर मोठा अभ्यास व्हायला हवा. तोवर कण्हणाऱ्याला ढोंगी म्हणायला माझा विरोधच राहील.