विषय: खेळ सोडून उठायचं म्हटलं की

नमस्कार मंडळी,
आमचा मुलगा सहा वर्षांचा आहे, ऑटिस्टिक. एरवी आपल्या नादात मजेत असतो, पण एक सोडून दुसरं करायचं म्हटलं की घर डोक्यावर घेतो. आंघोळीला जाताना रडतो आणि आंघोळीतून बाहेर यायलाही रडतो! "पाच मिनिटांनी निघायचंय" असं मी तीनदा सांगते, चौथ्यांदा माझाच आवाज चढतो. काल दारातच अंग टाकून दिलं, एक बूट पायात, एक हातात. कुणी यातून गेलंय का?
– दमलेली आई

---

ताई,
आम्ही गेलोय. आंघोळीचं लिहिलंत त्यातच मेख आहे. त्याचं आंघोळीशी वाकडं नाही, हातातलं सोडणं जड जातंय. बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांच्या ऑटिझमवरच्या १९४३च्या लेखातही 'सगळं जसंच्या तसं राहावं' ही मुलांची ओढ नोंदलेली आहे. आपण मात्र त्याला हट्ट म्हणून मोकळे होतो.

"पाच मिनिटं" त्याला दिसत नाहीत. आम्ही लाल चकतीचं टायमर आणलं, वेळ सरेल तशी चकती बारीक होत जाते. थोडा फरक पडला. पण खरं काम केलं ते बुटांच्या रिकाम्या खोक्याने. भिंतीवर वेल्क्रोने लावलेली चित्रं: खेळ, बूट, गाडी. खेळ संपला की आमची मुलगी स्वतः चित्र उपटते, चर्र आवाज होतो, आणि ते 'झालं'च्या खोक्यात पडतं. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या, ऑटिस्टिक व्यक्तींसाठीच्या 'टीच' (TEACCH) कार्यक्रमामुळे अशा चित्रांच्या वेळापत्रकांचा बराच प्रसार झाला.

शिवाय मिनिटांऐवजी "अजून तीन ठोकळे" म्हणून बघा. मनोरा अर्धा राहिला तर हलवू नका, शेजारी 'नंतर'चं चित्र ठेवा, आणि परत आल्यावर तो तिथेच असला पाहिजे. आमच्याकडे एकदा आजीने प्रेमाने आवरून ठेवला. पुढचा आठवडा विचारू नका.

सांगायचं एकदाच, थोडक्यात. मग मनात दहापर्यंत मोजायचं. मध्येच पुन्हा बोललं की मुलीची डोक्यातली जुळवाजुळव पहिल्यापासून सुरू होते. हे मला सगळ्यात अवघड गेलं. आणि रडू फुटल्यावर समजावणं बंद, तेव्हा शब्द पोचतच नाहीत. दिवे मंद करायचे, जवळ बसून राहायचं.
– एक बाबा

---

दादा,
दोन आठवडे झाले. आंघोळीतून बाहेर यायचं रडणं जवळजवळ थांबलंय, आत जायचं अजून आहे. 'झालं'च्या खोक्यात त्याने परवा माझा फोन टाकला, ते योग्यच होतं म्हणा. एक विचारते: ठरलेलं ऐनवेळी बदललं तर काय करता?

---

ताई,
फोनचं वाचून घरात सगळे हसले.
बदलासाठी प्रश्नचिन्हाचं वेगळं कार्ड करा. सुरुवातीला ते फक्त आवडीच्या बदलांनाच लावा: आज पुस्तकाऐवजी फुगे, असं. आम्ही घाई केली. पहिल्याच दिवशी ते बाग रद्द झाल्यावर लावलं, आणि ते कार्ड तिने कपाटामागे लपवलं. नवीन, वेगळ्या रंगाचं करावं लागलं.
– तेच बाबा