चर्चमार्फत देताना: आधी ऊसतोड टोळीवर जाऊन विचारा

नाताळात चर्चमार्फत पैसे द्यावेत की ब्लँकेटं, आणि आयकरातली ८०जीची (दानावरची) सूट मिळते का, असं काहींनी विचारलंय.

करातल्या सवलतीचं आधी सांगतो. आपलं आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं, त्यामुळे ३१ डिसेंबरची घाई नको. दानपेटीत टाकलेल्या पैशांवर सूट मिळत नाही. ज्या संस्थेला पैसे देताय तिची ८०जी नोंदणी हवी, पावती हवी. रोख २,००० रुपयांच्या वर दिलेत तर सूट नाही, म्हणून चेकनं किंवा ऑनलाइन द्या. वस्तूंवर सूट नाहीच, आणि नव्या करप्रणालीत असाल तर हा विषयच संपला.

आता ब्लँकेटांचं. आपल्या बेळगाव-निपाणी पट्ट्यात डिसेंबरात ऊसतोड जोरात असते. गेल्या नाताळात आमच्या चर्चच्या मंडळीतले सहाजण ब्लँकेटं घेऊन ऊसतोड कामगारांच्या टोळीच्या कोप्यांवर, म्हणजे झोपड्यांवर, गेलो. एका बाईनं घडी न मोडताच ब्लँकेट बाळाखाली सारलं आणि म्हणाली, "दादा, ताडपत्री मिळंल का? दव आत गळतंय." फटीत तिनं जुनी साडी खोचली होती, ती ओलीचिंब. फार वाईट वाटलं. आधी विचारायला हवं होतं.

यंदा पाळकसाहेब मुकादमाशी आधीच बोललेत. ताडपत्री, लहान मुलांचे स्वेटर, कपड्यांचा साबण, एवढंच मागितलंय. आम्ही पाकिटावर 'ऊसतोड' असं लिहून खजिनदारांकडे देतोय, म्हणजे हिशोब वेगळा राहतो. तुमच्या गावाजवळ टोळी उतरली असेल तर कोप्या किती ते कळवा, ताडपत्र्या एकदमच घेणार आहोत.