आजोबांचा वॉल्व्ह रेडिओ लावला तर घुंऽऽऽ आणि जळका वास. आता काय करू?

महालवाला

नमस्कार मंडळी. नागपूरच्या महालातलं आमचं जुनं घर पाडायचं आहे, म्हणून माळा रिकामा करून राहिलो होतो. बरण्यांच्या मागे गोणपाटात बांधलेला आजोबांचा रेडिओ निघाला. लाकडी पेटी, समोर कापडी जाळी, खाली पियानोसारखी बटणं आणि डायलच्या बाजूला स्टेशन नीट लागलं की नाही ते दाखवणारा हिरवा डोळा. कंपनीची पट्टी गळून गेली आहे. सोबत पोस्टाचं रेडिओ-लायसन्सचं पुस्तकही मिळालं, तिकिटं चिकटवलेली.

मागचा पुठ्ठा काढून वॉल्व्हवरची नावं वाचली: ईसीएच ८१, ईएफ ८९, ईबीसी ८१, ईएल ८४ आणि डोळा ईएम ८०. सहाव्याचं नाव दिसेना म्हणून ओल्या फडक्यानं पुसलं, तर होतं तेही गेलं.

मग जे करायला नको होतं तेच केलं. थेट प्लग लावला. डोळा हिरवा झाला, स्पीकरमधून घुंऽऽऽ सुरू झालं, आणि दोनेक मिनिटांत एका वॉल्व्हच्या आतला पत्रा लालबुंद! वास सुटला तसा प्लग ओढला.

आई म्हणते भंगारवाल्याला दे. बर्डीवरचा एक मेकॅनिक म्हणतो आतलं सगळं काढून तयार अँप्लिफायर बोर्ड बसवून देतो, १८०० रुपये. मला त्यात ब्लूटूथ हवंच आहे, पण आतलं फेकवत नाही. मल्टीमीटर आहे, डाग द्यायला (सोल्डरिंग) येतं. घरी जमेल का?

तर्री_पोहे

जमेल. पण तोवर तो प्लग पुन्हा लावू नको बावा. आतला पत्रा लाल होणं म्हणजे शेवटची घरघर.

सक्करदऱ्याचा काका

शेवटची घरघर वगैरे काही नाही, लाल झाला तो ईएल ८४ असणार, आवाज मोठा करणारा, तो दणकट असतो, दोन मिनिटांत मरत नाही. भीती त्याच्या आणि स्पीकरच्या मधल्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरची. त्याची बारीक तार एकदा जळली की पुन्हा गुंडाळून देणारा माणूस शोधत फिर.

आधी चांगली बातमी. नावं ‘ई’नं सुरू होतात, म्हणजे फिलामेंट (वॉल्व्ह तापवणारी तार) ६.३ व्होल्टचं आणि आत मेन ट्रान्सफॉर्मर आहे. ‘यू’ची मालिका असती, यूसीएच, यूएल वगैरे, तर चासी (सगळं ज्यावर बसवलेलं असतं तो पत्र्याचा सांगाडा) सरळ लाइनला जोडलेली असते आणि प्लग उलटा लागला की पत्र्याला हात लावणारा गेला. तो नाव पुसलेला बहुतेक ईझेड ८०, रेक्टिफायर, एसीचं डीसी करणारा. यादीत तोच तेवढा राहिला. यापुढे वॉल्व्ह कोरड्या ब्रशनंच झटक, ती छपाई काजळीसारखी निघते.

आता लाल पत्र्याचं. ईबीसी ८१ च्या प्लेटवर, म्हणजे आतल्या पत्र्यावर, शंभरेक व्होल्ट असतात. तिथून आवाज ईएल ८४ च्या ग्रिडला (करंट आवरणारी आतली जाळी) जातो एका कंडेन्सरमधून. त्याचं काम आवाज जाऊ देणं आणि डीसी अडवणं. तुझ्यात तो मेणकागदाचा असेल. इतकी वर्षं नागपूरचा मे महिना माळ्यावर काढल्यावर त्याचं मेण ओघळतं, कागद ओल धरतो आणि डीसी गळायला लागतो. ग्रिड शून्यावर किंवा किंचित उणे पाहिजे, ती पॉझिटिव्ह होते. मग वॉल्व्ह बेफाम करंट ओढतो. तो लाल पत्रा म्हणजे हेच.

घुंऽऽऽ वेगळं दुखणं आहे. पॉवर सप्लायचा ॲल्युमिनियमचा डबा, म्हणजे फिल्टरचे कंडेन्सर, ५० अधिक ५० मायक्रोफॅरड, सुकला आहे. डबा जागेवर शोभेला राहू दे, त्याच्या तारा सोडव आणि खाली ४७ मायक्रोफॅरड ४५० व्होल्टचे दोन नवे लाव. जास्त दमदार म्हणून मोठा लावू नको. ईझेड ८० ला पहिला कंडेन्सर ५० च्या वर झेपत नाही. मी तरुणपणी शहाणपणा करून २२० लावला होता. आत निळी ठिणगी पडली आणि चांगला वॉल्व्ह गेला. त्यानंतर वडिलांनी माझ्या हातातलं पेचकस आठवडाभर लपवून ठेवलं.

कपलिंगचा, म्हणजे दोन वॉल्व्हमधला तो मेणाचा कंडेन्सर आणताना ‘२२३’ इतकंच म्हणशील तर दुकानदार १०० व्होल्टचा हिरवा चिमुकला देईल. ६३० व्होल्ट असं ठणकावून सांग. ०.०२२ (२२३ म्हणजे हाच) किंवा ०.०१ मायक्रोफॅरड, जो आत असेल तो.

आणि हे करताना कूलरसमोर बसू नको. उकडतं मान्य, पण ओल्या वाऱ्यात ओल्या हातानं २५० व्होल्टच्या डीसीजवळ जायचं नसतं. बंद केल्यावरही कंडेन्सर भरलेलाच असतो, ४.७ किलोओहम पाच वॅटचा रेझिस्टन्स लावून रिकामा कर, मीटरनं बघ, मगच हात घाल. पायात रबरी चप्पल, डावा हात खिशात.

पुन्हा लावशील तेव्हा सिरीज बोर्डवर, जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब मध्ये घालून. बल्ब भडकून मंद झाला तर ठीक, भडकलेलाच राहिला तर बंद. मागे व्होल्टेज निवडायची फिरकी असेल, ती २४५ वर ठेव. रात्री आपल्याकडे लाइन २४० पार करते.

तर्री_पोहे

काका, तुमचं वाचून माझाच हात खिशात गेला.

महालवाला

काका, दंडवत. सगळं तसंच केलं. फिल्टरचे दोन बदलून सिरीज बोर्डवर लावला, घुंऽऽऽ गेलं. पण ईएल ८४ च्या पिन २ वर, म्हणजे ग्रिडवर, चासीच्या तुलनेत अधिक ४ व्होल्ट, पिन ३ वर, म्हणजे कॅथोडवर (वॉल्व्ह किती करंट ओढतो ते इथे कळतं), ११. बंद केला, रिकामा केला, त्या मेणाच्या कंडेन्सरचा एक पाय सोडला, पुन्हा लावला. पिन २ वर शून्य, पिन ३ वर ७ च्या आत! कंडेन्सर हातात घेतला तर बोटाला मेण चिकटलं आणि एका टोकाला तडा. बाकीचे मेणाचेही त्याच ओघात बदलून टाकले.

माळ्यावरच्या खिळ्याला वीसेक फूट वायर बांधली. पहिल्यांदा नुसती खरखर. आई म्हणाली ती ट्यूब बंद कर. एलईडी ट्यूब बंद केली आणि ५८५ किलोहर्ट्झवर आकाशवाणीचं नागपूर केंद्र स्वच्छ लागलं. डायलवर आकडे मीटरमध्ये आहेत, ५१३ च्या जवळ आजोबांनी पेन्सिलची बारीक रेघ मारून ठेवली होती, ती आत्ता दिसली.

आता ब्लूटूथ.

सक्करदऱ्याचा काका

शाब्बास. आपलं केंद्र १९४८ चं, तुझ्या रेडिओपेक्षा वयानं मोठं. पुढे १५६६ वर हजार किलोवॅटचं राष्ट्रीय प्रसारणही इथूनच रात्रभर चालायचं, तेव्हा आमच्या रेडिओवर त्या टोकाला दुसरं काही ऐकू येत नसे.

ब्लूटूथला वाकडं तोंड करणार नाही, पण एकही भोक पाडू नको. मागे ग्रामोफोनची दोन भोकं असतील, बटणांत ‘पीयू’ (पिकअप, ग्रामोफोनसाठीचं) असेल, तिथे जोड. ब्लूटूथ बोर्डाचे डावा आणि उजवा आवाज सरळ एकत्र जोडू नको, प्रत्येकात ४.७ किलोओहम घालून मग एक कर. ५ व्होल्ट जुन्या मोबाइल चार्जरवरून घे. फिलामेंटचे ६.३ उचलशील तर घुंऽऽऽ परत येईल. चार्जरला वेगळा स्विच दे, नाहीतर मीडियम वेव्हवर त्याचीच किरकिर ऐकशील.

महालवाला

झालं. आई दुपारी लावून बसते, मात्र ब्लूटूथ नाही, ५८५च. एकच राहिलं, काटा फिरवायचा दोरा सरकतो आहे. संक्रांतीचा मांजा आहे घरात, चालेल का?

सक्करदऱ्याचा काका

मांजा? पुली कापशील लेका. मोच्याकडचा मेणाचा दोरा आण, गोल चक्क्याला तीन वेढे दे, आणि जुना काढायच्या आधी मोबाइलवर फोटो काढून ठेव.