पूर ओसरून तीन आठवडे झाले, भिंतीवरची बुरशी जात नाही. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आमचं गाव ब्रह्मपुरी तालुक्यात, वैनगंगेपासून दोनेक किलोमीटरवर. नदी भरली की नाल्याला दाब येतो आणि पाणी उलटं गावात शिरतं. या खेपेला घरात कमरेएवढं पाणी दीड दिवस होतं. गाळ काढला, फरशी धुतली, पण भिंतींनी वैताग आणलाय.

समोर सपरी आणि माजघर, जुन्या मातीच्या भिंती, वर कवेलू. मागे विटांच्या दोन स्लॅबच्या खोल्या. ओल चढू नये म्हणून बाबांनी काही वर्षांपूर्वी माजघराला खालून चार फूट सिमेंटचं प्लास्टर करून घेतलं होतं. सगळ्यात काळी बुरशी नेमकी त्या पट्ट्याच्या वरच्या काठाला आहे! मागच्या खोलीत कपाट भिंतीला टेकलेलं होतं, त्यामागे हिरवट-काळे ठिपके. पुसले की चार दिवसांत परत. गावात वाटलेली ब्लीचिंग पावडर कालवून मारली, ठिपके फिके झाले आणि आठवड्यात पुन्हा उगवले. खालच्या बाजूला पांढरं पिठासारखं काहीतरी फुलतं, तीही बुरशीच का?

मुलाला दमा आहे, रात्रभर खोकतो. आई म्हणते गोवरी-कडुनिंबाचा धूर करा. बाबा म्हणतात दिवाळीच्या आत ऑइल पेंट मारू. पेंटर तर म्हणतो, "दोन हातांत झाकून जाईल." मी अडवून धरलंय, पण नेमकं करायचं काय ते मला सुचत नाही. शिवाय तीन पोती धान भिजलं होतं. वाळवलं, तरी कुबट वास येतो. गाईला घालावं का?

कवेलूवाला:
पेंटरचं ऐकू नका. 2020 च्या ऑगस्टअखेर वैनगंगा आली तेव्हा आम्ही आरमोरीकडे हाच शहाणपणा केला होता. दिवाळीत घर चकाचक. संक्रांतीपर्यंत रंगाला पापडासारखे फुगे आले. एक सोलला तर आत सगळं काळं आणि वर घाण वास. रंगाचे पैसे गेलेच, खरवडायची मजुरी वेगळी द्यावी लागली.

गवंडीकाम_साइट:
मी बांधकामावर सुपरवायझर आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

बुरशीचे कण हवेत कायमच असतात. ओल मिळाली की एक-दोन दिवसांत रुजतात. तुम्ही वरचा थर मारता, भिंतीच्या पोटातलं पाणी तसंच राहतं, म्हणून ती परत येते. मातीची भिंत पाणी पिते तशी सोडतेही. सिमेंटच्या पट्ट्याने तिचं तोंड बांधलंय, मग पाणी आतून वर चढतं आणि पट्टा संपतो तिथे बाहेर पडतं. म्हणून काळा काठ तिथेच. पट्टा काढावाच लागेल, पण आज नाही. भिजलेली मातीची भिंत बसते, माणूस दबतो. आधी जाणत्या गवंड्याला दाखवा, टेकू लावा, मग थोडा थोडा काढा.

पांढरं पीठ म्हणजे बहुधा क्षार. त्यावर पाणी शिंपडा. विरघळलं तर क्षार. कोरड्या ब्रशने झाडायचं, धुवायचं नाही.

बुरशी मात्र कधीच कोरडी झाडू नका, सगळ्या घरात उडते. आधी ओली करा, मग साबणाच्या पाण्याने घासा, फडकं फेकून द्या. एन-95 मास्क, हातमोजे लावा आणि मुलाला त्या दिवशी घराबाहेर ठेवा. फरशी आणि सिमेंटवर घासून झाल्यावर ब्लीच चालेल: बाजारातलं पातळ ब्लीच चार लिटर पाण्याला एक कप, त्याहून जास्त नको, खिडक्या उघड्या ठेवून. संडास धुवायचं ॲसिड त्यात चुकूनही मिसळू नका, विषारी वायू निघतो. मातीच्या भिंतीवर ब्लीचचा उपयोग नाही. तिथे वरचा थर ओला करून खरवडायचा.

वाळवायला कूलर आहे ना? गवत काढा, पाणी टाकू नका, तोंड खिडकीबाहेर करून नुसता पंखा चालवा. पण आधी वायरमनकडून वायरिंग तपासून घ्या, बोर्डात पाणी गेलं असणार.

झाडीची_माय:
भाऊ, सारवायची घाई करू नोका. ओल्या भिंतीवर शेण लावलं का बुरशीले जेवणच मिळते. अन् धुरानं मच्छर पळते, बुरशी नाई पळत. लेकराचा दमा मात्र वाढते.

धान गाईले घालू नोका. बुरशीचं विष उन्हानं जात नाई, शिजवल्यानंही जात नाई, अन् गाईच्या दुधातून लेकराच्या पोटात येते. खड्ड्यात गाडा. पंचनामा झाला नसन तं आधी फोटो काढून ठेवा. कापसाच्या गाद्याही गेल्याच समजा.

गवंडीकाम_साइट:
एक राहिलं. रंग कधी मारायचा ते असं पाहा: हातभर प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लावा, एक दिवस ठेवा. आतून थेंब दिसले तर थांबा. विटांच्या भिंतीला महिनेही लागतात. मग ऑइल पेंट नको, चुना मारा. चुन्यातून भिंत श्वास घेते आणि बुरशीला तो मानवत नाही. कळीचा चुना विझवताना उकळतो, डोळे सांभाळा.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. प्लास्टिक लावलं, सकाळी आत चक्क धार. बाबांना नेऊन दाखवलं, ते काही बोलले नाहीत, पण पेंटरला फोन त्यांनीच केला. गवंड्याने टेकू लावून पट्ट्याचा फूटभर तुकडा काढला, आतली माती भिजवलेल्या कणकेसारखी. पोराला काकांकडे झोपवतोय, खोकला थोडा कमी आहे. तरी उद्या डॉक्टरांकडे नेतोय. धान गाडलं, आई दिवसभर गप्प होती.

एकच विचारायचं राहिलं. कपाट सागवानाचं आहे, आजोबांचं. मागची प्लायवूडची फळी फुगली होती, ती काढून टाकली. बाकीचं वाचेल का?

कवेलूवाला:
वाचेल. ओल्या फडक्याने पुसून सावलीत, वाऱ्यावर ठेवा. कडक उन्हात ठेवलं तर चिरा पडतील. आणि परत लावताना भिंतीपासून वीतभर लांब.