अलर्ट म्हणजे इशारा, मग नोटिफिकेशन म्हणजे काय?

प्रश्न :
नेटवर्कमधल्या राउटर, स्विच वगैरे उपकरणांवर लक्ष ठेवणाऱ्या प्रणालीचे संदेश मराठीत आणतोय. मॉनिटरिंगला 'देखरेख' घेतलं, तिथे अडचण नाही. अलर्ट आणि नोटिफिकेशन, दोन्हींना 'सूचना' लावून मोकळा झालो होतो. परवा रात्रपाळीतल्या नव्या मुलाच्या फोनवर संदेश गेला, 'सूचना : मुख्य स्विच बंद'. त्याने मलाच विचारलं, "आत्ताच करू का बंद?" पर्याय सुचवा.

प्रतिसाद १ :
मुलाचं काही चुकलं नाही. 'सूचना' हा शब्द माहितीही देतो, सल्लाही आणि आज्ञाही. 'सूचनांचे पालन करावे' हे वाचतच आपण लहानाचे मोठे झालो. आधी 'बंद'च्या जागी 'बंद पडला' लिहा, निम्मा घोटाळा तिथेच मिटेल.

अलर्टला 'इशारा' चालेल. पण इशारा हा प्रणालीने काढलेला निष्कर्ष असतो. उपकरणाला लागोपाठ तीनदा विचारलं, उत्तर आलं नाही, की इशारा उभा राहिला. तो कुणाला, किती वाजता आणि कशावर कळवायचा, हा निराळाच निर्णय. राउटर कोसळला की त्याच्यामागचे चाळीस स्विचही गप्प होतात. तेव्हा माणसाला एकच निरोप जायला हवा, एक्केचाळीस नव्हे. दुरुस्तीसाठी एखादं उपकरण ठरवून बंद ठेवलं असेल तर नोंद होईल, निरोप एकही जाणार नाही.

या निरोपाला मराठीत तयार शब्द आहे, 'वर्दी'. 'अग्निशमन दलाला आगीची वर्दी मिळाली' हे बातम्यांत रोज असतं. वर्दी ज्याने धावून जायचं त्यालाच देतात, आणि नोटिफिकेशनचं कामही तेच.

प्रतिसाद २ :
वर्दी म्हटलं की पोरांना गणवेश आठवेल.

प्रतिसाद १ :
नुसता शब्द ऐकून आठवेल. 'वर्दी गेली', 'वर्दी मिळाली' म्हटल्यावर कुणाला कपडे आठवत नाहीत.

प्रतिसाद ३ :
व्युत्पत्ती पाहिली तर गंमत आहे. मॉनिटरचं मूळ लॅटिनमधल्या 'बजावणे, सावध करणे' या अर्थाच्या धातूत. अलर्ट इटालियनमधून आला, तिथे अर्थ 'पहाऱ्यावर', टेहळणीच्या उंच जागी. म्हणजे मुळात मॉनिटर इशारा द्यायचा आणि अलर्ट पहारा करायचा. पुढे कामांची अदलाबदल झाली.

एक सावधगिरी. सिसलॉगमध्ये, म्हणजे उपकरणं आपल्या घडामोडींच्या नोंदी पाठवतात त्या पद्धतीत, तीव्रतेच्या 0 ते 7 अशा पायऱ्या असतात. 0 सर्वांत गंभीर, 'अलर्ट' 1 वर, 'वॉर्निंग' थेट 4 वर. दोन्हींना 'इशारा' केलंत तर माणूस भलत्याच गोष्टीसाठी उठेल, किंवा उठणारच नाही. पायऱ्यांची नावं देवनागरीत जशीच्या तशी ठेवा, शेजारी आकडा द्या.

प्रश्नकर्ता :
पटलं. एसएनएमपी, म्हणजे उपकरणांची स्थिती कळवायची-विचारायची ठरलेली पद्धत, तिच्यातल्या 'ट्रॅप'चं काय? एका भाषांतरात 'सापळा' दिसला.

प्रतिसाद ३ :
सापळ्यात कुणीतरी सापडावं लागतं. इथे उपकरणच आपणहून ओरडून सांगतं. ठरावीक वेळाने आपण विचारतो ते पोलिंग, त्याला मी 'विचारपूस' म्हणतो. ती साधारणपणे यूडीपी या संदेश-पद्धतीच्या 161 क्रमांकाच्या पोर्टवर चालते. ट्रॅप 162 वर येतो, आणि न विचारता येतो, म्हणून तो 'हाक'. मात्र ट्रॅपला पोच मिळत नाही. वाटेत हरवला तर उपकरणाला पत्ताच नसतो. पोच हवी तर 'इन्फॉर्म' आहे. नुसत्या हाकेवर विसंबू नका, विचारपूस चालू ठेवाच.

प्रतिसाद २ :
पोच हा शब्द मात्र झकास. 'ॲक्नॉलेज' बटणावरही तोच घाला.

प्रश्नकर्ता :
घातला. संदेश आता असा जातो, 'वर्दी : मुख्य स्विच बंद पडला. 02:14 पासून उत्तर नाही. पोच द्या.' एक राहिलंच, उपकरणांमधली जोडणी, म्हणजे लिंक, सतत पडते-उठते त्या फ्लॅपिंगला 'फडफड' म्हणू का?

प्रतिसाद १ :
म्हणा की. आमच्याकडे सगळे तेच म्हणतात.